तुळई उतरवली त्या दुपारी

ही बनवलेली गोष्ट नाही. पटत नसेल त्याने पाटोद्याच्या इसाकमिस्त्रींना विचारावं. म्हातारा माणूस, कुराणावर हात ठेवून सांगेल.

गेल्या वैशाखात घडलं. शिरूर कासारजवळच्या वस्तीवर, भर दुपारी.

हनुमानच्या घराचं माळवद खचलं होतं. मधली तुळई वाळवीने पोखरलेली, वर ढीगभर माती. एका पावसात सगळं वनमालाच्या अंगावर आलं असतं. पण त्याची ही बायको तुळईखालून उठत नव्हती.

कारण तुळईच्या कडीला आरोहीची झोळी होती.

आरोही, त्यांची तान्ही पोर. आईबापासोबत ऊसतोडीला गेली. फडात तापली. मुकादम म्हणाला, "आधी गाडी भरा, मग दवाखाना." गाडी भरली. पोर गेली. हनुमाननेच बांधाकडेला खड्डा खणला. दुसऱ्या दिवशी त्या हरामखोराने पुन्हा हातात कोयता दिला.

तुळई बदलायला आलेल्या इसाकमिस्त्रींनी वनमालाला भिंतीकडे बसवलं आणि टेकूचे धिरे लावून छताचा भार काढला.

"आता तुळईला फुंकर मार, उडून जाईल," ते हसले.

झोळी सोडून त्यांनी कडीला दोरीच्या वजनाचा ओळंबा अडकवला.

ओळंबा झुलायला लागला...

वारा नव्हता. मिस्त्रींनी धरून थांबवला. सोडला.

पुन्हा... संथ... एका लयीत.

"चाचा, रिकामं झुलवू नका," वनमाला म्हणाली.

"मी कुठं झुलवतोय, बेटा?"

"उतरवा ती!" हनुमान ओरडला. "लई झालं!"

दोघांनी तुळई खाली घेतली. मिस्त्रींच्या टोकाला ती भुशासारखी हलकी.

हनुमानच्या टोकाला...

जड.

आणि गरम.

ते वजन त्याच्या ओळखीचं होतं. बांधापर्यंत त्यानेच नेलं होतं.

वनमाला भिंतीकडे तोंड करून बसली होती. वळलीसुद्धा नाही.

"मानंखाली हात धरा," ती म्हणाली.

नवी तुळई बसली. माळवद पक्कं झालं. हनुमानचा डावा हात मात्र कोपरात वाकला तो वाकलाच. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. मुकादम म्हणाला, कामचुकार नाटकं करतोय.

दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री भेटायला गेले.

"हात सरळ काहून करत न्हाईस, रं?"

हनुमानने इकडंतिकडं पाहिलं. आवाज हळू केला.

"पोर पडंल ना, चाचा."