टक्क्याआधीची मोकळी जागा

"हा मला बोलूच देत नाही," मी वैतागून पडद्यालाच सुनावलं.

"कोण, नवरा?" शेजारून आवाज आला.

"प्रोग्राम."

माझं नेहमीचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून त्या दुपारी मी कॉम्प्युटर लॅबच्या दारापाशी बसले. शेजारी देर्लिसचं टेबल... लॅबचा मदतनीस, वरच्या वर्गातला. हातात नळी खोचलेलं तेरेरेचं शिंग, म्हणजे पाल्यावर गार पाणी ओतून प्यायचं आमचं पेय, आणि काखेत बर्फाच्या पाण्याचा थर्मास. बाहेर पॅराग्वेतलं आमचं एनकार्नासिओन शहर नुसतं उन्हात उकळत होतं.

"घेणार? नको असेल तर राहू दे," तो एका दमात म्हणाला आणि शिंग मागे घेऊ लागला. मीच ते त्याच्या हातातून घेतलं. पुदिन्याचा गारवा थेट कानांपर्यंत गेला.

"आभार मानू नकोस हं," तो हसला. "मानलेस तर 'आता पुरे' असा अर्थ, पुढचं शिंग भरायचं नाही, रीत आहे."

"मला शिकवतोस? मी काय ब्राझीलची आहे?"

मग त्याने माझा प्रोग्राम पाहिला. आई टोपलीतून चिपा, चीजचे छोटे पाव, विकते, तिच्यासाठी केलेला... किती चिपा हव्यात, आणि आणखी हव्यात का, हो की नाही. पहिला प्रश्न नीट विचारायचा. दुसऱ्याला मात्र उत्तराची वाटच न बघता संपून जायचा. संध्याकाळी तो सरांना दाखवायचा होता.

"आकडा टाइप करून एंटर दाबतेस ना? प्रोग्राम आकडा उचलतो, एंटर तसंच दाराशी उभं राहतं. पुढचा प्रश्न अक्षर मागतो, की ते एंटरच आत शिरतं. त्याला वाटतं, उत्तर मिळालं."

"मी तर तोंडही उघडलेलं नसतं."

"म्हणून उत्तर वाचणाऱ्या scanf मध्ये टक्क्याच्या खुणेआधी एक मोकळी जागा सोड. असं... ' %c'. जुनं सगळं गिळून तो तुझ्या खऱ्या अक्षरासाठी थांबेल."

मी जागा सोडली. पडद्यावर प्रश्न आला आणि थांबला. नुसता लुकलुकत, माझी वाट बघत. इतकं बरं वाटलं मला!

देर्लिस थर्मासचं झाकण फिरवत बसला.

"आज माझा इथला शेवटचा दिवस. सोमवारपासून असुन्सिओन, राजधानीत नोकरी लागलीय." शिंग भरून त्याने माझ्यापुढे धरलं. "शनिवारी नदीकाठी येशील माझ्याबरोबर? ...म्हणजे, तुला अभ्यास असेल. ठीक आहे, हरकत नाही."

आणि उठून यंत्रं बंद करायला लागला.

"देर्लिस."

"हं?"

"मी अजून काही बोलले का?"

तो थबकला. कानांच्या पाळ्या लाल.

"तुझीच भीती दाराशी उभी होती. तीच उत्तर म्हणून उचललीस," मी म्हटलं. "परत विचार. आणि या खेपेला जागा सोड."

त्याने परत विचारलं. हळू. मग गप्प राहिला... खरंच गप्प. थर्मासमध्ये बर्फ किणकिणला. नळीतून शेवटचा घोट सुर्रकन वर येईपर्यंत मी सावकाश पीत राहिले. त्याची नजर माझ्या ओठांवर, आता आभार मानते की काय म्हणून.

मी शिंग त्याच्या हातात दिलं, काहीही न म्हणता.

तो भरायला लागला. अर्धं पाणी टेबलावर सांडलं.

"शनिवारी मोठा थर्मास आण," मी म्हटलं.