बिघडायची थांबलेली गाडी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला त्यातून काही मिळवायचं नाही. हे घडलं ते माझ्या दत्ताकाकांच्या बाबतीत, आणि काका थापा मारणाऱ्यातले नाहीत. उलट तोंडातून शब्द काढत नाहीत म्हणून काकू जन्मभर वैतागलेली.

ऑगस्ट १९९६. गुरुवार. कुवेतमधल्या शुऐबा भागातलं एक गॅरेज.

आणि वेळ रात्रीची नाही हं...

भर दुपारी सव्वाबारा.

भुतं रात्रीच फिरतात असं ज्याला वाटतं, त्याने तिथला ऑगस्ट पाहिलेला नाही. पन्नास डिग्रीत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

दत्ताकाका, म्हणजे दत्तप्रसाद, मूळचे कुडाळकडचे. गॅरेजमध्ये हेड मेकॅनिक. त्यांच्याकडे एक लाल स्पोर्ट्‌स कार यायची. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कुणाचं मन दुखवायला नको. दिसायला अप्सरा, पण नखरे विचारू नका! सिग्नलला पाच मिनिटं थांबली की तापायची. क्लच वर्षभर टिकला तर पेढे वाटावेत. काच अर्ध्यात अडकायची, आणि तेल गळतं कुठून ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण मोकळा रस्ता मिळाला की... काका म्हणतात, तसं इंजिन पुन्हा ऐकलं नाही.

एकच धोका होता. इंजिन मागे असल्यामुळे गाडीचं सगळं वजन मागे. वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की मागची बाजू गर्रकन पुढे यायची. वळणात पाय उचलायचा नाही, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना पाठ होतं.

गाडी नबीलची. नव्वद साली इराकी सैन्य शिरलं तेव्हा त्याने ती तळघरात लपवली आणि पुढे भिंत घालून घेतली. गाडी वाचली. नबीलला मात्र ऑक्टोबरात नाक्यावरून उचलून नेलं.

तो परत आला नाही. मेला असंही कुणी सांगितलं नाही.

दर गुरुवारी त्याचे वडील, अबू नबील, गाडी घेऊन यायचे. त्यांचा ड्रायव्हर ती टोचन लावून आणायचा. म्हातारा लहानपणी मुंबईत राहिलेला, हिंदी चांगली बोलायचा.

"दत्ता, गाड़ी चालू रहनी चाहिए. नबील आएगा तो पहले चाबी माँगेगा."

काका इंजिन चालू करून द्यायचे. मग म्हातारा आत बसायचा, दार लावून, बरोबर अर्धा तास. पण स्टिअरिंगपुढे कधीच नाही...

नेहमी शेजारच्या सीटवर.

काकांना वाटायचं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय.

त्या आठवड्यात क्लच बदलायला गाडी गॅरेजमध्येच ठेवलेली होती. गुरुवारी म्हातारा बसून गेला, आणि काका नवा क्लच तपासायला गाडी घेऊन निघाले. मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीमागे एक लांबलचक रिकामा रस्ता होता. एसीचा कॉम्प्रेसर काकांनी आदल्या दिवशीच काढून बाकावर ठेवलेला. म्हणजे आत भट्टी असायला हवी होती.

आत गारवा होता.

काकांनी खिडकी उघडली. बाहेरची हवा तोंडावर आली, ती आगीसारखी. त्यांनी काच पुन्हा वर केली.

गार...

बसताना सीटही मागे सरकलेली होती. काका बुटके, त्यांचे पाय पेडलला पोचेनात. त्यांनी ती पुढे घेतली होती. आता बघतात तर ती पुन्हा मागे. सरकल्याचा आवाजसुद्धा नाही.

आणि समोर वळण आलं.

वेग एकशे चाळीस. रस्त्यावर वाळू पसरलेली. काका घाबरले, आणि जे करायचं नाही तेच केलं. पाय उचलला.

मागची चाकं सुटली. काका म्हणतात, त्या क्षणी मला तुझी काकू दिसली.

तेवढ्यात...

पेडल खाली गेलं.

काकांचा पाय हवेत होता. पेडल आपोआप खाली गेलं, इंजिन गर्जलं, गाडीने रस्ता धरला आणि वळण कापून बाहेर पडली. मग पेडल सावकाश वर आलं. एखादा सराईत माणूस पाय उचलतो तसं.

काकांनी गाडी कडेला लावली. 

हे त्यांनी सांगितलं फक्त जाफरला. जाफर रत्नागिरीकडचा, गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करायचा.

"म्हाताऱ्याला काही बोलू नकोस हां," जाफर म्हणाला. "मुलगा गाडीत आहे म्हटलंस, की मुलगा मेला असं सांगितल्यासारखं होईल."

बरोबर होतं ते. पण काकांची झोप उडाली होती. जीव वाचवला म्हणून काय झालं, गाडीत कुणीतरी होतं! आणि कोकणातला माणूस अशा वेळी जे करतो तेच काकांनी केलं. शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी जाफरला सोबत घेऊन गॅरेजचं शटर अर्धं ओढलं, गाडीपुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा! ह्या गाडयेत जो कोण बसलेलो आसा, त्येका ह्यो नारळ मान्य करून घे. त्येका त्येची वाट दाखय, त्येका त्येच्या घराक पोचय, नि हयसून मोकळो कर रे महाराजा!"

गाऱ्हाण्याला "होय महाराजा" अशी साथ द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मग जाफरच म्हणाला.

गाडीत काहीतरी टक् करून वाजलं.

बस्स. एवढंच.

पुढच्या गुरुवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. तेलाचा थेंब नाही. काच लोण्यासारखी खाली-वर. काका खूश! एसीचा कॉम्प्रेसर तेवढा अजून बाकावरच होता. म्हातारा नेहमीसारखा शेजारच्या सीटवर बसला.

दोन मिनिटांत दार उघडलं.

"अंदर गर्मी है," तो म्हणाला. अंगरखा घामाने चिकटला होता. "दत्ता... अंदर गर्मी क्यों है?"



"छह साल से हर जुम्मेरात मैं उसके बाजू में बैठता हूँ. वो कहाँ गया?"

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. मुलगा मेलाय हेही, आणि तो कुठे आहे हेही. ज्याच्याबद्दल बोलू नये म्हणून काका गप्प बसले होते, त्याच्याशीच तो दर आठवड्याला अर्धा तास बोलून येत होता. काकांनी रडत रडत सगळं कबूल केलं.

"तुमने उसको कहाँ जाने को बोला?"

"बाबा... अपने घर."



"घर में तो मैं हूँ," म्हातारा म्हणाला. "घर में नहीं आया."

काकांनी पुन्हा नारळ ठेवला. सीट मागे सरकवून ठेवली. पण जा म्हणायचं गाऱ्हाणं त्यांना येत होतं, परत ये म्हणायचं कुणी शिकवलंच नव्हतं. एकदा तर, गाडी पूर्वीसारखी बिघडली तर तो परत येईल म्हणून, त्यांनी मुद्दाम एका प्लगची वायर काढून टाकली...

इंजिन तरीही गुळगुळीत चाललं. एकही ठोका चुकला नाही.

ते कसं, काकांना अजून कळलेलं नाही. नबील गाडीत नव्हता, घरी पोचला नव्हता. मग ते इंजिन कोण सांभाळत होतं? हा प्रश्न आला की काका उठून अंगणात जातात.

दोन हजार तीनला काका कायमचे परत आले. तोवर सात वर्षं ती गाडी एकदाही बिघडली नाही, आणि म्हाताऱ्याचा एकही गुरुवार चुकला नाही. त्या उकाड्यात एसीशिवाय काचा बंद करून अर्धा तास बसायचा, भिजून बाहेर यायचा आणि आशेने विचारायचा,

"आज कुछ बिगड़ा, दत्ता?"

आणि दर वेळी काकांना सांगावं लागायचं...

"नहीं, बाबा. कुछ नहीं."