रिकामी पळणारी बस

मेट्रोचा सरकता जिना मावशी आणि तिची दोन भाचरं धावतच उतरली, तोवर मावशीची बस कोपऱ्यावर वळत होती. आत चिटपाखरूही नव्हतं.

"रिकामं पळायला एवढी कसली घाई?" टिल्लू धापा टाकत म्हणाला.

मावशी इस्पितळात नर्स होती आणि पुढची बस अर्ध्या तासाने होती. हजेरीपटावर आजची धरून उशिराच्या दोन लाल खुणा झाल्या. तिसरी पडली की रविवारची रजा रद्द, आणि रजेबरोबर भाचरांची बोटीची सहलही! ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत ती बाकावर टेकली.

बारा वर्षांच्या ठमीने मात्र फलक वाचला. बसची वेळ सात पंचेचाळीस. मेट्रो आली सात एकोणचाळीसला. मग बस आधीच कशी सुटली?

मावशीला पुढच्या बसमध्ये बसवून ती धाकट्या टिल्लूला घेऊन शेजारच्या डेपोत शिरली. शाळेसाठी वक्तशीरपणावर निबंध लिहायचाय, असं तिने सांगितलं. मोठ्या माणसांना उपदेशाची संधी मिळाली की ती कशी खुलतात, हे तिला घरीच कळलं होतं.

डेपोचे साहेब हळूच म्हणाले, की कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ आपण दोन मिनिटं पुढे ठेवलंय. लोक चहाला चिकटून बसतात. कुणाला सांगू नकोस. बसला सुटायची खूण करणारे नियंत्रक त्या घड्याळावरून आपलं घड्याळ लावत, वर पदरची दोन मिनिटं घालत. साहेबांची बोलणी कोण खाणार? तेही गुपितच. फेरी संपवून आलेले ड्रायव्हरकाका नियंत्रकांच्या घड्याळात आणखी दोन मिळवत, आणि हे नियंत्रकांना कळता कामा नये म्हणून त्यांनी टिल्लूला लिमलेटची गोळी दिली.

"सहा मिनिटं!" बाहेर येताच टिल्लू म्हणाला. "चल, साहेबांना सांगू."

"तिघांना शब्द दिलाय. सांगायचं नाही," ठमी म्हणाली. "दाखवायचं."

निबंधाला फोटो हवा म्हटल्यावर तिघांनी भांग पाडले. साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवून छातीशी धरलं. उरलेल्या दोघांनी मनगटं पुढे केली. ठमीने त्यांना नेमकं स्टेशनच्या मोठ्या घड्याळाखाली उभं केलं. फोटो काढला आणि मोबाइल साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी फोटो पाहिला. तो मोठा केला. मग मान वळवून वर पाहिलं. चार घड्याळं, चार वेळा! नियंत्रक ड्रायव्हरकडे बघू लागले, ड्रायव्हरकाका बुटांकडे.

"म्हणजे माझ्या शिस्तीने बस रिकामी पळवली तर," साहेब पुटपुटले, आणि हसू दाबत त्यांनी ठमीची पाठ थोपटली. "पोरी, तू एक शब्द न बोलता आमची हजेरी घेतलीस."

दुसऱ्या सकाळी बस सात पंचेचाळीसला सुटली, बसायला जागा उरली नाही इतकी भरून. ड्रायव्हरकाकांनी आरशातून टिल्लूला सलाम ठोकला.

संध्याकाळी मावशी हसतच घरात आली. "वेळेवर पोचले, तर मोठ्या सिस्टरबाईंनी आधी स्वतःचं घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू आहे म्हटल्यावर मुकाट्याने लाल पेनला टोपण लावलं." तिने दोघांना जवळ ओढलं. "ड्रायव्हरकाकांनी सगळं सांगितलं मला. रविवारी बोटीत खिडकीची जागा तुमची, माझ्या लाडक्या हेरांनो!"