विटकरी लुगड्यातली शांतव्वा

मोतीबिंदू काढायला रुद्रय्यामास्तर स्वतःहून तयार झाले, तेव्हा त्यांच्या लेकीला, शांभवीला, आपण ऐकलं ते खरं वाटेना. दोन वर्षं ती मागे लागली होती आणि दोन वर्षं मास्तर "बघू की" म्हणून टोलवत होते. त्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "डॉक्टरला इचार, कवा येऊ."

मास्तर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले. कोल्हापुरात चित्रकार म्हटला की मिशीचा केस न् केस दाखवणारा असावा लागतो. मास्तर मात्र तरुणपणीच फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्टांच्या नादी लागले. रंग पॅलेटवर घोटायचा नाही, सुटे फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे. ते मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्याचं. सावलीत काळा घालायचा नाही, निळा-जांभळा शोधायचा. जे ठाऊक आहे ते रंगवायचं नाही, दिसतं तेवढंच, आणि तेही ऊन सरकायच्या आत. "मास्तर, चित्र काढताय का गिलावा करताय?" म्हणून दोस्त थट्टा करायचे. मास्तर त्यांना दंडाला धरून दहा पावलं मागे न्यायचे. तिथून त्या ठिपक्यांचं पाणी व्हायचं.

मागच्या हिवाळ्यात ते रोज सकाळी सातला पंचगंगेच्या घाटावर बसत. डोळ्यांवर पिवळट पडदा आलेला, ट्यूबवरची अक्षरं वाचता येत नसत, रंग अंदाजानेच पिळायचे. एका सकाळी पाण्यालगतच्या पायरीवर काहीतरी हललं. दिसलं तेवढं त्यांनी कॅनव्हासवर ठेवलं: कपाळाचा एक फटकारा, गालाचा एक, मानेखालच्या सावलीचा एक, आणि खाली हिरव्या इरकली लुगड्याचे चार-पाच. मग सवयीने दहा पावलं मागे गेले.

चित्रात शांतव्वा बसली होती. त्यांची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

"त्या पायरीवर कोण बसलंय गं?" त्यांनी सोबत आलेल्या शांभवीला विचारलं.

"कोण न्हाय की आप्पा. मोकळी हाय पायरी."

मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. पण ती रोज येऊ लागली आणि रोज चित्रात उतरू लागली. अकरा चित्रं झाली. सगळ्यांत ती होती, पण धूसर. मास्तरांना आतून एकच गोष्ट खात होती: बायकोचा चेहरा त्यांना आता आठवत नव्हता. जन्मभर झाडं आणि पाणी रंगवलं, तिला एकदाही समोर बसवलं नाही. तिचा चेहरा एकदा, एकदाच स्वच्छ बघायचा होता. म्हणून ऑपरेशन.

दोन्ही डोळे महिन्याच्या अंतराने झाले. काळा चष्मा उतरला त्या दिवशी मास्तरांनी अकराही चित्रं भिंतीशी मांडली. आभाळ त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी पिवळं निघालं. आणि शांतव्वाचं लुगडं हिरवं नव्हतंच. ते विटकरी होतं, सगळ्या चित्रांत. चुकीची ट्यूब पिळली गेली होती, बस्स. शांतव्वाला तो रंग डोळ्यासमोर नको असायचा. "चिखलात लोळल्यागत दिसतंय" म्हणायची. मास्तरांना मनापासून वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांभवीने त्यांना स्कूटरवरून घाटावर आणलं आणि ती चहा बघायला गेली. धुकं नव्हतं. नदीकाठच्या देवळांच्या दगडांमधले सांधे मोजता येत होते. पुलावरून जाणाऱ्या एसटीची पाटी वाचता येत होती: मलकापूर. धुणं बडवणाऱ्या बाईच्या हातातल्या बांगड्यासुद्धा एकेक वेगळ्या दिसत होत्या. मास्तरांना आनंदाने हसू आलं. मग त्यांनी पाण्यालगतच्या पायरीकडे पाहिलं.

ती बसली होती. विटकरी लुगड्यात.

तसलं लुगडं शांतव्वाने उभ्या जन्मात नेसलं नव्हतं.

तरीही ते खाली उतरू लागले. चेहरा बघायचा होता. दहा पावलांवर ती बाई होती. पाच पावलांवर तिच्या कडा सुटल्या. बाकी सगळं लख्ख होतं, पायरीवरचं शेवाळसुद्धा. तीच तेवढी सुट्या रंगांची राहिली.

"शांता," ते म्हणाले.

तिने मान वर केली.

कपाळाचा फटकारा. गालाचा. मानेखालची जांभळी सावली.

डोळे नव्हते. मास्तरांनी ते कधी काढलेच नव्हते.

ती जरा बाजूला सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

मास्तर कसे वर आले ते त्यांनाही कळलं नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर ते धापा टाकत बसले. डोळे गच्च मिटून त्यांनी शांतव्वाचा खरा चेहरा आठवायची धडपड केली. मघापर्यंत निदान नाकातली चमकी तरी आठवत होती. आता तीही येईना.

"आप्पा, घाम का आलाय एवढा?" मागून शांभवीचा आवाज आला. "ह्यो घ्या चहा. दिसतंय न्हवं आता नीट?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. कपातून निघणारी वाफ दिसत होती. शांभवीच्या स्वेटरचा उसवलेला धागा दिसत होता. त्याच्या वर, चेहऱ्याच्या जागी, तीन फटकारे होते.

"व्हय," मास्तर म्हणाले. "लख्ख दिसतंय."

आणि स्वेटरच्या गुंडीवरून नजर न हलवता त्यांनी कप हातात घेतला.