उजव्या लेनमधली चार्जर

झालं का तुमचं भांडून? ओवैस, तुझी मस्टँग जरा बाजूला ठेव. नीरज, तूही कॅमेरो आवर. तासभर ऐकतोय मी. हा म्हणतो आवाज कोणाचा भारी, तो म्हणतो पिकअप कोणाचा भारी. तुमच्यातल्या एकानेही त्या गाड्यांचं बॉनेट उघडून बघितलेलं नाही, सगळी अक्कल मोबाईलमधली. हिबा, बाळा, गच्चीचं दार लोटून घे, गार वारा येतोय. आणि शेगडीत दोन कोळसे टाक.

तुमच्या या वादावरूनच एक गोष्ट आठवली. माझ्या ओळखीच्या माणसाबरोबर घडलेली. रूपेश त्याचं नाव, गुहागरकडचा. आता गावालाच असतो, पंप दुरुस्तीचं दुकान टाकलंय. खोटं वाटलं तर नंबर देतो, विचारा त्याला. फक्त दिवसा विचारा. रात्री तो फोन उचलत नाही.

इथे कुवैतला, शुवैखच्या गॅरेजमध्ये आम्ही नऊ वर्षं एकत्र होतो. मी गाड्यांची वायरिंग करायचो, तो इंजिन. जुन्या अमेरिकन गाड्यांवर त्याचा हात असा बसलेला, की लांबून आवाज ऐकून सांगायचा, कुठला प्लग मिस मारतोय. खोड एकच. वाद. कोणी नुसतं म्हटलं की अमकी गाडी बरी, की हा पाना खाली ठेवून उभा. जेवण थंड होवो, गिऱ्हाईक ताटकळो, शेवटचा शब्द याचाच पाहिजे. मी चेष्टेने म्हणायचो, "रूपेश, एकदा तरी हरून बघ, मरणार नाहीस." तो म्हणायचा, "चाचा, खोटं कसं बोलू?"

आमच्याकडे एक म्हातारा कुवैती यायचा, अबू मिशारी. सत्तरी ओलांडलेली, काठी घेऊन चालायचा. त्याची एक शेव्हेल होती, शेव्हर्ले कंपनीची, एकोणीसशे सत्तर सालची. सुलैबियाच्या गोडाऊनमध्ये चाळीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली. एक दिवस आला आणि मला म्हणाला, "मुस्तफा, मरायच्या आधी हिचा आवाज ऐकायचाय." सात महिने लागले. वायरिंग मी सगळी नवीन ओढली. इंजिन रूपेशने बांधलं. रंग गडद हिरवा, वरून दोन पांढरे पट्टे. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेजारच्या चार गॅरेजमधली माणसं बाहेर आली बघायला. अबू मिशारी मात्र लांबच उभा होता. जवळ आलाच नाही.

ती रात्र गुरुवारची. अठरा जानेवारी, दोन हजार चोवीस. शुक्रवारी सकाळी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि म्हाताऱ्याला तिथे स्वतः गाडी चालवत न्यायची होती, आपल्या गोडाऊनवरून. म्हणजे रात्रीत ती सुलैबियाला पोचवायची. गाडी उचलून नेणाऱ्या रिकव्हरीवाल्याला सांगून ठेवलं होतं, तो काही आला नाही. बारा वाजले, साडेबारा वाजले. रूपेश म्हणाला, "चाचा, नोंदणीचं दफ्तर चालू आहे, विमा आहे. मीच नेतो की. पंधरा-सोळा किलोमीटरचा तर प्रश्न." गोडाऊनच्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे दिलेली होतीच. बारा चाळीसला तो निघाला. शटर मीच ओढलं.

धुकं उतरायला लागलं होतं. हिवाळ्यात इथे कसं पडतं, तुम्हाला माहीत आहे. पुढच्या खांबाचा दिवा दिसतो, त्याच्यापुढचा नाही.

शुवैखमधून बाहेर पडताना पहिला सिग्नल. लाल. रूपेश डाव्या लेनमध्ये थांबला. तेवढ्यात उजव्या बाजूला एक गाडी येऊन उभी राहिली. काळी डॉज चार्जर. तीही त्याच काळातली. अगदी कोरी, जणू आजच शोरूममधून काढलेली. चालवणारा पोरगा बावीस-तेवीसचा. पांढरा पायघोळ दिशदाशा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. सात डिग्री थंडीत अंगात जॅकेट नाही. त्याने खूण केली, काच खाली घे. रूपेशने शेजारच्या सीटवर वाकून, हँडल फिरवून काच उतरवली.

"शेवी?" पोराने विचारलं.

"शेवी."

"कितीची?"

"चारशे चोपन्न." म्हणजे इंजिनाचे घनइंच. रूपेशला कामापुरतं अरबी यायचं, आणि गाड्यांच्या बाबतीत तर कामापेक्षा जास्तच.

"माझी चारशे चाळीस. तुझी सुटताना पळते. पुढे दम सोडते."

झालं. आमच्या रूपेशला एवढंच पुरे. "दम? रस्ता संपेल, हिचा दम नाही संपायचा. इंजिन मी बांधलंय. तुझीच वजनाने दमेल."

पोरगा हसला. छान हसला म्हणे. "दिसेल," म्हणाला.

सिग्नल सुटला. रूपेश पुढे निघाला, आरशात बघितलं तर मागे धुकं. त्याला वाटलं, गेला असेल दुसरीकडे. गालातल्या गालात हसत त्याने मधल्या गल्लीतून गाडी घातली, वर्कशॉपच्या मागून. तो रस्ता बाहेरच्या कोणाला माहीत नसतो. तिथून थेट रिंग रोडच्या सिग्नलवर निघाला.

चार्जर तिथे उभी होती.

उजव्या लेनमध्ये. त्याची वाट बघत असल्यासारखी. पोरगा वळला, तसाच हसला आणि म्हणाला, "शेवी?"

रूपेश म्हणाला, "आत्ताच तर बोललो आपण."

"कितीची?"

तोच आवाज, तीच पट्टी. रूपेशला वाटलं, नशेत आहे. कशाला नादी लागा. त्याने वाकून काच वर घेतली, घट्ट लावली. आणि लावता लावता त्याची नजर खाली गेली.

त्याच्या गाडीच्या दिव्यांचे धुक्यात दोन लांब पिवळे पट्टे पडले होते. चार्जरचेही दिवे चालू होते. पण तिच्यापुढे उजेड नव्हता. दिवे नुसतेच दिसत होते, धुक्यावर काहीच पडत नव्हतं. शेव्हेलच्या मागे सायलेन्सरची वाफ दाटली होती. चार्जरच्या मागे... काही नाही.

"अंकल, स्टॉप," असं म्हणते बघा ही हिबा. अगं, अजून काहीच झालेलं नाही. ऐक.

सिग्नल हिरवा झाला. रूपेश हलला नाही. आधी त्याला जाऊ दे, असा विचार. चार्जरही हलली नाही. मग बंद काचेतून, अगदी स्पष्ट, आवाज आला.

"घाबरलास? मग शेवी हरली."

दुसरा कोणी असता तर तिथूनच मागे फिरला असता. मीसुद्धा फिरलो असतो. रूपेश नाही फिरला. तो मला म्हणाला, "चाचा, भीती वाटली होती. पण त्या वाक्याने डोकंच फिरलं." त्याने पाय दाबला.

ती गाडी कशी उठते, तुम्ही व्हिडिओत बघता. आत बसलेल्या माणसाची पाठ सीटला चिकटते. मीटर मैलांचा. पन्नास. साठ. सत्तर. सुलैबियाचा फाटा आला तसा त्याने वळवली आणि सरळ रस्त्याला लागला. एका बाजूला कंपाउंडच्या भिंती, दुसऱ्या बाजूला वाळू. माणूस नाही. उजवीकडे चार्जर. दाराला दार लावून. तो वाढवेल तेवढी ती वाढत होती, एक वीतही मागेपुढे नाही.

ऐंशी. नव्वद मैल. म्हणजे एकशे पंचेचाळीस. धुक्यात.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो इंजिनचा माणूस ना, कान आधी काम करतात. शेजारी एवढी मोठी गाडी पळतेय, तिची गर्जना ऐकू यायला पाहिजे...

आवाज एकाच इंजिनाचा येत होता.

त्याच्या.

त्याने मान वळवली. पोरगा रस्त्याकडे बघत नव्हता. त्याच्याकडे बघत होता. हात स्टिअरिंगवर, तोंड पूर्ण इकडे. हसत होता. तसाच. ओठ मिटलेले.

शेजारच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली.

कोणी बसल्यावर कुरकुरते, तशी.

रूपेशने तिकडे बघितलं नाही. समोर बघत राहिला. घाम... हात घसरायला लागले. गार वाऱ्याचा एक झोत कानाला लागला. काच तर बंद होती. आणि अगदी कानाजवळ, हळू, मित्राने विचारावं तसं...

"आता सांग. कोणती भारी?"

...

त्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पोरांनो. आयुष्यभर तयारच असायचं. "शेवी" म्हणायला किती वेळ लागतो? त्याने तोंड उघडलं. आणि का ते त्याला आजही सांगता येत नाही, पण त्याने ते गिळलं.

"तुझी," तो म्हणाला. "तुझी भारी. मी हरलो."

आणि ब्रेकवर उभा राहिला.

गाडी सरळ थांबली नाही. आडवी झाली, मागचा भाग फिरला, टायर किंचाळले, काचेसमोरून भिंत गेली, वाळू गेली, पुन्हा भिंत. चार्जर सरळ पुढे निघून गेली. तिचे लाल दिवे त्याला दिसले. धुक्यात लांब जाताना. मग ते विझले. आपटल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

शेव्हेल थांबली. समोर दहा फुटांवर पाण्याचा टँकर. बंद पडलेला, रस्त्यात आडवा, दिवे नाहीत, रिफ्लेक्टर नाही.

टँकरच्या पलीकडून एक बंगाली ड्रायव्हर बॅटरी घेऊन धावत आला. रूपेशने त्याची कॉलर धरली. "ती काळी गाडी? पुढे गेलेली?"

"कोणती गाडी, भाई?" तो म्हणाला. "एकच आली. तुमचीच."

शेजारची सीट रिकामी होती. रूपेशने त्या ड्रायव्हरला हातापाया पडून गोडाऊनपर्यंत सोबत घेतलं. आवारात गाडी लावली, फाटक ओढलं, कुलूप घातलं, तीनदा हलवून बघितलं. टॅक्सी करून पहाटे चारला माझ्या खोलीवर आला. मी चहा टाकला, त्याने सगळं सांगितलं.

सात वाजता आम्ही दोघं पुन्हा सुलैबियाला. अबू मिशारी फाटकाशी आधीच उभा होता, स्वच्छ कपडे, अत्तर लावून. मी म्हटलं, सांगू नको. पण रूपेशला राहवेना. सिग्नलपासून टँकरपर्यंत सगळं बोलला. म्हातारा ऐकत राहिला. मधेच त्याची काठी हातातून पडली. त्याने उचलली नाही.

"पोराच्या बाह्या?" त्याने विचारलं.

"दुमडलेल्या."

"बद्र," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ."

मग म्हाताऱ्याने सांगितलं. रोज संध्याकाळी दिवाणियात, घरच्या पुरुषांच्या बैठकीत, दोघांचा हाच वाद. शेव्हेल की चार्जर. लोक मजा बघायचे. ब्याऐंशी सालच्या जानेवारीत एका रात्री दोघं निघाले, एकदाचं ठरवूनच टाकू म्हणून. याच रस्त्याला. असंच धुकं. खिडक्या उघड्या, शेजारी शेजारी. बद्र ओरडून विचारत होता, सांग, कोणती भारी? आणि हा ओरडला, माझीच! पुढे टँकर होता. याचा पाय ब्रेकवर गेला. बद्रचा नाही.

"तू काय सांगितलंस त्याला?" त्याने रूपेशला विचारलं.

"तुझी भारी म्हटलं."

अबू मिशारी भिंतीला टेकला. मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि रूपेशला म्हणाला, "उघड."

कुलूप जसंच्या तसं होतं. रूपेशने उघडलं, फाटक ढकललं. आत सगळं धुक्याने भिजलेलं. पत्र्यावरून थेंब गळत होते. काँक्रीटची अख्खी जमीन काळी, ओली. शेव्हेलच्या बॉनेटवर पाण्याचे मणी. फाटकापासून आत तिच्या एकटीच्या टायरचे माग.

आणि तिच्या उजव्या बाजूला, दाराला दार लागेल एवढ्या अंतरावर... जमीन कोरडी होती. सरळ चौकोनी तुकडा. एका गाडीच्या लांबीचा, एका गाडीच्या रुंदीचा.

रूपेश मागे सरला. म्हातारा जागचा हलला नाही. मी गेलो पुढे. वाकलो. हात लावला.

गरम होती.