शेवटच्या नाचाचा जोडीदार

पत्र्याच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं… थांबेचना. स्कॉटलंडमधल्या मॅलेग बंदरातल्या आमच्या बालवाडीत अकरा पोरं नुकतीच झोपली होती. त्यात माझी चार वर्षांची एफीही. मी धावत स्वयंपाकघरात गेले. पावसात भिजलेला एक उंच माणूस झाकणावर पाय ठेवून उभा होता. तोंडात शॉर्टब्रेडचं बिस्किट.

"ते मुलांचं आहे," मी कुजबुजले.

"मीही कुणाचा तरी मुलगाच आहे," तोही तितक्याच हळू म्हणाला.

तो रूरी. बंदरात बोटी दुरुस्त करायचा. सेंट अँड्र्यूच्या दिवसासाठी, म्हणजे आमच्या राष्ट्रीय सणासाठी, मुलांचे नाच बसवायला आमच्या मोठ्या बाईंनी, मॅकॅस्किलबाईंनी, आपल्या या भाच्याला बोलावलं होतं.

मग दर गुरुवारी तो यायचा. अंगाला लाकडाचा आणि डांबराचा वास. मुलं डावीकडे म्हटलं की उजवीकडे जायची, एफी त्याच्या बुटांवर उभी राहून नाचायची, आणि मी ज्यूसचे पेले विसळत सगळं चोरून बघायची.

"कर्स्टी, तुम्ही का नाचत नाही?"

"पेले विसळायचे पडलेत ना."

"पेले काय पळून जाणार आहेत?"

"पेले नाही. माणसं जातात," मी म्हणाले. एफीचे वडील दोन वर्षांपूर्वी ॲबरडीनला गेले ते परतलेच नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी मी आले तेव्हा सगळे पेले विसळून, पुसून, ओळीत पालथे घातलेले.

त्याच दिवशी जाता जाता तो म्हणाला, "उत्तरेला शेटलंड बेटांवर कायमचं काम मिळतंय. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"छान आहे की," मी म्हणाले… आणि कोरडा पेला पुन्हा पुसायला घेतला.

सेंट अँड्र्यूच्या दिवशी खिडकीबाहेर समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. आयाबाया, आज्या भिंतीलगत बसल्या. मॅकॅस्किलबाईंनी ॲकॉर्डियन छातीशी घेतलं. रूरी किल्ट, आमच्या पुरुषांचा तो चौकड्यांचा घागरा, नेसून आला — आणि बदकासारखा तुरुतुरु चालायला लागला. मुलं हसून लोळली.

मी त्याला कोटांच्या खुंट्यांमागे ओढलं. "पिन दोन्ही पदरांतून आरपार घातलीत, म्हणून पाय अडकतायत. ती फक्त वरच्या पदराला लावतात."

"दरवेळी बहीण लावून देते."

मी गुडघ्यावर बसून पिन सोडवली. "निऱ्या तरी मागे आल्यात, नशीब."

"तेवढं येतं मला." मग त्याचा आवाज खाली आला. "कर्स्टी… शेवटचा वॉल्ट्झ माझ्याशी नाच."

तुम्हीची तू कधी झाले, कळलंच नाही. पण हात थांबला. आमच्याकडे बाकीचे नाच कुणाशीही नाचावेत. शेवटचा वॉल्ट्झ मात्र ज्याच्यासोबत घरी जायचं त्याच्याशीच.

"सगळ्या आज्या बघतायत."

"त्या त्यासाठीच आल्यात." तो किंचित हसला. "नाही म्हणालीस तरी रुसणार नाही. शेटलंडलाही समुद्र आहेच."

मी पिन नीट लावली आणि उठले.

नाच झाले, पडापडी झाली, कुणीतरी न आवडलेलं मटणाचं हॅगिस बुटात लपवलं. मग मॅकॅस्किलबाई चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाल्या, "शेवटचा वॉल्ट्झ. धरा जोड्या."

तो खिडकीपाशी एकटा उभा होता. मी हातातला ट्रे खाली ठेवला. तेवढी खोली ओलांडायला मला दोन वर्षं लागली, असं वाटलं… आणि मग त्याचा खरखरीत, उबदार हात माझ्या हातात होता. आजूबाजूला पोरं एकमेकांच्या पोटाला मिठ्या मारून डुलत होती.

"मग… काय कळवू त्यांना?"

"कळव की जमणार नाही," मी त्याच्या खांद्याशी म्हणाले. "इथे बोटी खूप नादुरुस्त आहेत म्हणावं."

"बोटीच?"

"…बोटीच नाही."

सूर थांबले. टाळ्या वाजल्या. आम्ही तसेच उभे. एफीनं माझा झगा ओढला.

"आई, माझ्या वर्गातल्या इनिसची आजी म्हणते, हा आता आपल्या घरी येणार. पण आपल्याकडे तर दोनच खुर्च्या आहेत… मग हा कुठे बसणार?"