वाल्मीककाकांचा अँप्लिफायर

"नाना! टेम्पो बघा! अहो, सरळ आपल्या झेंडूत घुसतोय!"

कुंदन ओरडला आणि त्याच्या हातातली फुलांची पाटी खाली पडली.

नुकतंच उजाडलं होतं. माडसांगवीच्या शिवारात धोंडीरामनाना पोरांना घेऊन झेंडू तोडत होते. मे महिन्याची सुट्टी असली, तरी फुलांना सुट्टी नसते! म्हणून नानांची नववीत जाणारी लेक मंजुषा, तिचा धाकटा भाऊ कुंदन आणि शेजारची पूजा असे तिघंही पहाटेच वावरात आले होते.

टेम्पो बांधावरून उडाला, झेंडूच्या दोन सऱ्या चिरडून थांबला. पुढची काच फुटलेली होती. चालवणाऱ्या माणसाच्या डोक्याला गुंडाळलेला टॉवेल रक्तानं भिजला होता. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि एक माणूस धपकन खाली कोसळला.

"वाल्मीककाका!" मंजुषा किंचाळली.

शेजारच्या मळ्यात राहणारे वाल्मीककाका 'गोदातरंग' ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मंजुषाला गिटार शिकवली ती त्यांनीच. आता त्यांचा एक डोळा सुजून बंद झाला होता. डाव्या हाताची बोटं नको त्या दिशेला वळली होती. आणि तरीही उजव्या हातानं त्यांनी गिटारची पिशवी छातीशी धरून ठेवली होती!

"सायखेड्याहून येत होतो, नाना," ते कसेबसे म्हणाले. "रस्त्यात आडवा टेम्पो लावला त्यांनी. सळया, सायकलची चेन... समदं सामान नेलं. मी गिटारवर पालथा पडलो, तर बोटांवर पाय दिला रे!"

नानांनी त्या दोघांना उचललं आणि त्याच टेम्पोतून नाशिकच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी पोरं भेटायला गेली तेव्हा वाल्मीककाकांचा हात प्लास्टरमध्ये होता. सिंधूकाकू उशाशी बसून डोळे पुसत होत्या.

"पोलीस काय म्हणाले?" पूजानं विचारलं.

"हवालदार म्हणतो, लग्नाच्या वरातीत पिऊन भांडला असाल!" सिंधूकाकू संतापून म्हणाल्या. "आयुष्यात दारूला हात लावला नाय ओ यांनी!"

"ते जाऊ दे," वाल्मीककाका म्हणाले. "पुढच्या रविवारी सायखेड्याच्या लग्नाची सुपारी हाय. ती गेली तर ऑर्केस्ट्रा मोडला. मंजू, माझ्या जागी तू वाजवशील?"

"मी?" मंजुषा दचकली. पण त्या प्लास्टरकडे बघून 'नाही' कसं म्हणणार? "वाजवीन, काका. पण अँप्लिफायर?"

"तो बी गेला. हितं नाशकातच, द्वारकेच्या चौकात जुना माल मिळतो. ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी वर्गणी काढलीय, तेवढ्यात बसंल असा बघा. आणि एक ध्यानात ठेव. इलेक्ट्रिक गिटारचा घेऊ नको, तो आवाज फाडतो. आपल्या गिटारीचा आवाज लाकडाचा यायला पायजे, पत्र्याचा नाय!"

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिघंही द्वारकेच्या चौकात उतरली. ट्रकचे भोंगे, रिक्षांचा गोंगाट, धूर! 'नाना, आम्ही जाऊन येतो' एवढंच घरी सांगितलं होतं. नाना दवाखान्याच्या धावपळीत असल्यामुळे त्यांनी फारसं विचारलंही नव्हतं.

साउंडचं दुकान कोपऱ्यातच होतं. मालक खंडेराव पान चघळत गल्ल्यावर बसले होते.

"या, या! काय पाहिजे? वाढदिवस? गणपती?"

"अकूस्टिक गिटारसाठी अँप्लिफायर," मंजुषा म्हणाली आणि तिनं पिशवीतून काकांची गिटार काढली. तिच्या भोकाला आवाज अँप्लिफायरकडे नेणारा पिकप अडकवलेलाच होता.

खंडेरावांनी आधी एक काळा, मोठा अँप्लिफायर पुढे ओढला. मंजुषानं तारा छेडल्या. 'घ्रांऽऽव!'

"बाप रे!" कुंदननं कान झाकले. "हा तर चिडलेला रेडा आहे!"

"इलेक्ट्रिकचा आहे. नको," मंजुषा म्हणाली.

दुसरा अगदी छोटा, बॅटरीवर चालणारा होता. त्याचा आवाज गोड होता, पण पूजा दाराबाहेर गेली आणि तिथून हात हलवून म्हणाली, "काहीच ऐकू येत नाही! लग्नात याला नवरदेवाच्या कानाशी धरावं लागेल!"

तिसरा कीबोर्डचा होता. आवाज स्वच्छ, पण तिघांनाही उचलेना. तरी मंजुषानं तो मनात बाजूला ठेवला. आवाज फाडत नव्हता, हे महत्त्वाचं!

"मग हा घ्या," खंडेराव म्हणाले आणि पोत्याखालून त्यांनी एक खोकं काढलं. त्याला ताजा निळा रंग होता. "माइकला वेगळी जागा, गिटारला वेगळी. आणि मागे बघा, इथे बाहेरच्या भोंग्याची पिन खोचली की आतला स्पीकर बंद. आवाज थेट चौकात!"

त्यांनी दुकानाच्या पाटीवर टांगलेल्या भोंग्याची वायर मागे खोचली आणि माइकमध्ये म्हणाले, "हॅलो, हॅलो!" दुकानात काहीच घुमलं नाही. बाहेर मात्र चौकातली माणसं वळून बघू लागली. खंडेराव खूश झाले. त्यांनी वायर काढली, माइकचा आवाज बारीक केला आणि माइक गल्ल्यावर ठेवला.

मंजुषानं गिटार जोडली. आवाज आला आणि तिनं पुन्हा तीच तार छेडली. लाकडाचा आवाज! पण जाड तार छेडली की मागून बारीक 'झर्रर्र' ऐकू येत होतं. हा आवाज तिनं किती वेळा ऐकला होता! तिनं वाकून स्पीकरवरचं कापड कोपऱ्यातून हळूच सोडवलं. आत स्पीकरच्या काळ्या कागदावर लाल चकाकता ठिपका होता.

"पूजा," ती कुजबुजली, "हे सिंधूकाकूंचं नेलपॉलिश आहे. मागच्या दिवाळीत स्पीकरचा कागद फाटला, तेव्हा त्यांनी माझ्यासमोर चिकटवला होता. हा काकांचा अँप्लिफायर आहे!"

पूजाचे डोळे मोठे झाले. तिनं साळसूदपणे विचारलं, "काका, हा कुणी विकला तुम्हाला?"

"जुन्या मालाला आईबाप विचारायचे नसतात, बाळ!" खंडेराव हसले. "एक जण देऊन गेला. आज आणखी आणणार आहे."

"मी नाक्यावरच्या फोनवरून चौकीत कळवते," पूजा पुटपुटली आणि दाराकडे निघाली.

पण तेवढ्यात दाराशी टेम्पो येऊन थांबला! त्यातून दोन माणसं उतरली. एकाच्या कपाळावर व्रण होता. दुसरा ढेरपोट्या, त्याच्या हातात ढोलकी. ढोलकीवर 'गोदात...' एवढी अक्षरं खरवडायची राहून गेली होती.

"ताई! ती आपल्या ऑर्केस्ट्राची ढोलकी!" कुंदनच्या तोंडून निघून गेलं.

दोघांनीही झटकन कुंदनकडे पाहिलं. मग व्रणवाल्यानं मागे हात टाकून खाडकन शटर खाली ओढलं. दुकानात पिवळ्या बल्बचा उजेड तेवढा उरला.

"केरू, अरे काय करतोस? लहान पोरं आहेत ती!" खंडेराव उठून म्हणाले.

केरूनं कमरेची सायकलची चेन सोडली आणि सपकन फिरवली. खंडेराव खांदा धरून गल्ल्यामागे कोसळले. दुसऱ्या फटक्यात गल्ल्यावरच्या फोनचे तुकडे झाले.

"ए कार्ट्या! कोणती ढोलकी म्हणलास?"

त्यानं कुंदनची कॉलर धरून फाडकन थोबाडीत मारली. कुंदनच्या ओठातून रक्त आलं. मंजुषा वाघिणीसारखी धावली आणि केरूच्या मनगटाला कडकडून चावली! त्यानं शिवी देऊन तिला झिडकारलं. ती पाठीवर अँप्लिफायरवर जाऊन आदळली. तिचं डोकं गरगरलं. गिटार खाली पडली आणि दोन तारा तटकन तुटल्या.

"वाचवा! वाचवा!" पूजा शटर बडवू लागली. पण बाहेर द्वारकेचा गोंगाट! ढेरपोट्यानं तिला केसांना धरून मागे ओढलं.

मंजुषाचा हात पाठीमागे अँप्लिफायरवर होता. बोटांना काहीतरी गार लागलं. भोंग्याची पिन! माइक अजून गल्ल्यावर होता, केरूपासून हातभर अंतरावर. लाल दिवाही चालू होता.

तिनं न बघता चाचपून ते भोक शोधलं. पिन एकदा घसरली. दुसऱ्यांदा घसरली. मग 'टक्' झालं. तिनं अंगठ्यानं माइकचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आता याला बोलतं करायचं!

"वाल्मीककाकांना तुम्हीच मारलंत ना?" ती मोठ्यानं म्हणाली. "सायखेड्याच्या रस्त्यावर?"

"मारलं! त्याची बोटं मी स्वतः तुडवली!" केरू गुरगुरला. "आता तुझी तुडवू?"

"भरदिवसा? द्वारकेच्या चौकात, साउंडच्या दुकानाचं शटर ओढून तीन पोरांना मारणार तुम्ही?"

"ओरड किती ओरडायचं ते! या शटरच्या आत तुमचं मुडदं पाडलं तरी बाहेर कुणाला ऐकू येतंय?"

आणि बाहेरून, ट्रकच्या आवाजातून, केरूचाच आवाज गडगडत आला: "...कुणाला ऐकू येतंय?"

केरू चपापला. "कोण बोलतंय बाहेर?"

"तुम्हीच!" कुंदन रक्ताळलेल्या तोंडानं ओरडला. "तुम्हीच बोलताय, आख्ख्या चौकाला!"

केरूनं चेन उगारून मंजुषावर झेप घेतली. पण पूजा शाळेच्या कबड्डी संघात उगाच नव्हती! ढेरपोट्याच्या पायावर टाच हाणून ती सुटली, जमिनीवर पडली आणि तिनं केरूच्या घोट्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. केरू तोंडावर आपटला. त्याची चेन मंजुषाच्या दंडाला चाटून गेली. कातडी सोलली, आग आग झाली. ढेरपोट्या पूजाला ओढायला वाकला, तर खंडेरावांनी गल्ल्यामागून उठून एका हातानं माइकचा स्टँड त्याच्या पाठीत घातला!

त्याच वेळी शटरवर दणादण लाथा बसू लागल्या. कुणीतरी पहार घातली. शटर करकरत वर गेलं आणि रिक्षावाले, हमाल, भाजीवाले असा जमाव आत घुसला.

"पोरांना मारतो? घ्या रे याला!"

ढेरपोट्यानं भिंतीशी हात जोडले. केरूला लोकांनी फरफटत बाहेर नेलं आणि मग मार सुरू झाला. लाथा, बुक्के, चपला. आधी कुंदन आनंदानं उड्या मारत होता, "द्या अजून! अजून द्या!"

मग कुणाच्या तरी हातात तीच सायकलची चेन आली.

मंजुषा दाराशी उभी राहून बघत होती. कालपासून तिला हेच हवं होतं. याचीही बोटं मोडावीत असं तिला वाटलं होतं. पण केरूचा चेहरा आता ओळखू येत नव्हता. तो ओरडायचाही थांबला होता. एका माणसानं त्याचा हात रस्त्यावर दाबून धरला आणि दुसऱ्यानं बूट उचलला.

मंजुषा आत धावली आणि तिनं माइक तोंडाशी धरला.

"पुरे!"

भोंग्यातून तिचा आवाज साऱ्या चौकावर आदळला.

"पुरे! मरेल तो! पोलिसांना द्या त्याला! आम्हाला नको हे!"

बूट हवेतच थांबला. माणसं चमकून एकमेकांकडे बघू लागली. चेन धरणाऱ्यानं ती गुपचूप खाली टाकली.

थोड्याच वेळात पोलिसांची जीप आली. टेम्पोत कीबोर्ड, ढोलक्या आणि आणखी दोन ऑर्केस्ट्रांचं सामान सापडलं. योगायोग असा की, जीपमधून उतरले ते 'पिऊन भांडला असाल' म्हणणारेच हवालदार! नाना धावत आले, तेव्हा ते चौघांचे जबाब घेत होते.

"नाना, पोरं लय धीराची तुमची," हवालदार टोपी काढून म्हणाले. "तक्रार मी कालच नीट घेतली असती, तर पोरांवर ही पाळी आली नसती. चूक माझी."

"माझीही," खंडेराव खांदा दाबत म्हणाले. "माल कुठून आला, हे यापुढे आधी विचारीन."

"तो अँप्लिफायर आम्ही नेऊ ना?" कुंदननं विचारलं.

"नाही रे राजा. मुद्देमाल आहे तो. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत आमच्याकडे."

"अरे देवा! म्हणजे पुन्हा शोध?"

"शोध कशाला?" मंजुषा म्हणाली. "तो कीबोर्डचा देता का, खंडेरावकाका? जड आहे, पण आवाज स्वच्छ आहे त्याचा."

"न्या! परवडेल तेव्हा द्या. आणि टेम्पोत मी स्वतः चढवून देतो!"

नानांनी मंजुषाच्या दंडावरची पट्टी पाहिली, कुंदनचा सुजलेला ओठ पाहिला. ते रागावणार असं पोरांना वाटलं. पण त्यांनी तिघांनाही एकदम कवेत घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

दवाखान्यात कुंदननं सगळी हकिकत हातवारे करून सांगितली. "आणि काका, लोक त्याचा हात तुडवणारच होते, तेवढ्यात ताई 'पुरे' म्हणाली!"

वाल्मीककाकांनी मंजुषाकडे पाहिलं. "माझी बोटं मोडणाऱ्याला वाचवलंस?"

मंजुषाची मान खाली गेली. "मला बघवलं नाही, काका."

सिंधूकाकूंनी पदर तोंडाशी धरला.

"मी तिथं असतो ना मंजू," वाल्मीककाका म्हणाले, "तर मी ओरडलो नसतो. गप उभा राहून बघितलं असतं. आणि मग जन्मभर झोप आली नसती." त्यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "बरं झालं पोरी, तिथं मी नव्हतो. तू होतीस."

मग ते उशीला टेकून नीट बसले.

"चला, नव्या तारा चढवा त्या गिटारीला. रविवारी लग्न हाय, आणि मी शिकवलेल्या गाण्यांत तुझ्या अजून चार चुका होतायत!"